टेनिस एल्बोवर मालिश: आराम कशानं पडतो आणि कोपर बरं कशानं होतं

ऑक्टोबर छाटणी लागली की तासगाव, पलूस, मिरज तालुक्यातल्या द्राक्षबागांत सकाळपासून कात्र्या चालू होतात. छाटणी, मग काड्या बांधणं, पुढं विरळणी. हाताला उसंत नसते. पंधरा-वीस दिवस गेले की कुणाचं तरी उजवं कोपर बाहेरच्या बाजूनं दुखायला लागतं. आधी फक्त कात्री धरताना, मग कळशी उचलताना, शेवटी चहाचा कप हातात घेतला तरी चमक निघते. दवाखान्यात गेलं की कागदावर टेनिस एल्बो असं लिहून मिळतं. घरी आल्यावर आजी म्हणते, "शीर चढली असंल, तेल लावून चांगलं रगडून घे." शेजारचे काका म्हणतात, "कशाला रगडतोस, एक इंजेक्शन मार आणि मोकळा हो." मोबाईलवरचे व्हिडिओ तिसरंच काहीतरी दाखवतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत काम करते. "मॅडम, मालिश केली तर चालंल का?" हा प्रश्न मला सतत येतो आणि माझं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच असतं. पण त्या मागोमाग मी विचारते, मालिशीकडून तुमची अपेक्षा काय आहे? दुखणं कमी व्हावं अशी असेल तर ती पुरी होईल. कोपराचं बिघडलेलं तेवढ्यानं दुरुस्त व्हावं अशी असेल, तर नाही होणार. दुखणं थांबणं आणि आतला भाग सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्यामुळं माणसं सहा-सहा महिने तेल रगडत राहतात आणि कोपर आहे तिथंच राहतं.

दुखतं कोपर, पण काम असतं मनगटाचं

तळहात जमिनीकडं करून हात पुढं धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला, मांसल भागावर ठेवा. आता मूठ घट्ट आवळा. बोटांखालचा स्नायू टरारून वर आलेला जाणवेल. मूठ आवळायचं काम खरं तर हाताच्या दुसऱ्या बाजूचे, तळहाताकडचे स्नायू करतात. मग हे वरच्या बाजूचे स्नायू का ताठ होतात? कारण बोटं आवळली जात असताना मनगट आतल्या बाजूला वळू नये म्हणून कुणीतरी ते मागं धरून ठेवावं लागतं. ते धरून ठेवणारे स्नायू हेच. कात्री, कोयता, पाना, बादलीची कडी, म्हशीचा सड, काहीही घट्ट धरलं की प्रत्येक वेळी त्यांच्यावर ताण येतो.

हे स्नायू मनगटाकडून वर येतात आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथं बांधले जातात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट पांढऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. डॉक्टर टेंडन म्हणतात. टेनिस एल्बोमध्ये बिघाड या कंडरेच्या उगमापाशी असतो, म्हणून बोट लावलं की त्या उंचवट्यावर किंवा त्याच्या किंचित पुढं नेमकं दुखतं. सांधा मात्र शाबूत असतो. कोपर पूर्ण वाकतं, पूर्ण सरळ होतं.

याच कारणानं तळहात खाली ठेवून वस्तू उचलली तर कळ येते आणि तीच वस्तू तळहात वर ठेवून उचलली तर बरीच सोपी जाते. ही एवढी गोष्ट आजपासून पाळली तरी फरक कळतो, पण त्याबद्दल पुढं सांगते.

आत सूज असते का?

पूर्वी असंच मानलं जायचं. पण १९७९ साली अमेरिकेतल्या दोन शल्यचिकित्सकांनी, नर्शल आणि पेट्रोन यांनी, शस्त्रक्रियेत काढलेला कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं. सुजेत दिसाव्यात अशा पेशी तिथं फारशा नव्हत्या. धागे विस्कटलेले होते, नवे पण अपुरे, वेडेवाकडे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या भरलेल्या होत्या. म्हणजे शरीरानं दुरुस्ती सुरू केली, पण ती नीट पुरी होण्याआधीच पुन्हा ताण आला, पुन्हा सुरुवात, पुन्हा ताण. टेनिस एल्बो हा असा अर्धवट दुरुस्तीचा आजार आहे. अगदी सुरुवातीच्या दिवसांत थोडी सूज असू शकते, पण दोन-तीन महिने जुन्या दुखण्यात मुख्य गोष्ट झीज आणि अर्धीमुर्धी भर हीच.

बैलाचा कासरा खुंटीला जिथं बांधलेला असतो तिथंच रोजच्या हिसक्यानं त्याचे पीळ सुटतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कंडरेचंही तसंच, हाडापाशी, जिथं बांधलेली आहे तिथं. त्या सुटलेल्या पिळांवर तेल चोळलं तर कासरा मऊ लागेल, पण पीळ परत बसणार नाहीत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की कासरा स्वतःहून विणला जात नाही आणि कंडरा जाते. तिला फक्त बेताचा, नियमित आणि हळूहळू वाढत जाणारा ताण लागतो. नवे तंतू ज्या दिशेनं ताण येतो त्या दिशेनं बसतात. ताणच मिळाला नाही तर ते गोंधळलेलेच राहतात. कंडरेला रक्तपुरवठा स्नायूच्या मानानं कमी असतो, त्यामुळं हे काम आठवड्यांत होत नाही, महिने घेतं.

टेनिस न खेळणाऱ्याला टेनिस एल्बो?

बहुसंख्य रुग्णांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. या दुखण्याचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं केलं तेही लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल होतं. टेनिसशी नातं लावलं गेलं ते १८८२ मध्ये, इंग्लंडात. प्रौढांमध्ये शंभरातल्या एक ते तीन जणांना हे होतं, बहुतेकांना पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, आणि बायकांना व पुरुषांना जवळजवळ सारखंच. धूम्रपान करणाऱ्यांत प्रमाण जास्त आढळतं.

आपल्याकडं पाहायचं तर छाटणी करणारे, ऊस तोडणारे, हातानं धार काढणारे, सुतार, गवंडी, वायरमन, मिरजेत सतारीचा भोपळा आणि दांडी घासणारे कारागीर, दिवसभर माऊस हलवणारे. आणि घरातली बाई. चादरी पिळणं, भाकरीचं पीठ मळणं, भरलेला कुकर एका हातानं उचलणं, हे सगळं याच कंडरेवर येतं. तिचं दुखणं 'काम जास्त झालं' म्हणून महिनोन् महिने मागं ढकललं जातं आणि ती दवाखान्यात येते तेव्हा जुनाट झालेलं असतं. हे मला मनापासून खटकतं.

सचिन तेंडुलकरमुळं हा आजार महाराष्ट्रात घरोघरी पोचला. २००४ मध्ये त्याचं कोपर दुखायला लागलं, मे २००५ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला. तेव्हापासून पुष्कळ लोकांना वाटतं की टेनिस एल्बो म्हणजे ऑपरेशन. तसं नाही. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, बाकीचे उपाय सहा महिने ते वर्षभर नीट करूनही गुण आला नाही तरच.

मालिशीनं आराम पडतो, तो कसा?

पडतो, आणि तो मनाचा खेळ नसतो. लहानपणी गुडघा आपटला की आपण लगेच तिथं चोळायचो. स्पर्शाचा, दाबाचा निरोप जाड आणि वेगवान मज्जातंतूंतून मणक्याकडं जातो, दुखण्याचा निरोप बारीक आणि हळू तंतूंतून. मणक्यात दोन्ही एकाच दारापाशी येतात आणि स्पर्शाचे निरोप दाटून आले की दुखण्याच्या निरोपाला पुढं जायला वाव कमी मिळतो. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये हे सुचवलं. त्या मांडणीत पुढं बरीच भर पडली, पण गाभा टिकून आहे.

दुसरं कारण स्नायूचं. दुखऱ्या कोपराचा माणूस नकळत हात आखडून धरतो. कोपराखालचा मांसल भाग त्यामुळं दिवसभर ताठ राहतो, त्यात दुखऱ्या गाठी जाणवायला लागतात, आणि ताठ स्नायू आपल्या कंडरेला सतत खेचत राहतो. हा स्नायू सैल केला की कंडरेवरची ओढ थोडी उतरते. हळुवार मालिशीनं एकूण शरीरही निवांत होतं, झोप बरी लागते, आणि झोप बरी झाली की दुखणं सोसायची ताकद वाढते.

पण हा आराम काही तासांचा, फार तर एखाद-दोन दिवसांचा. तेवढ्या वेळात काय करायचं यावर पुढचं सगळं ठरतं.

आडवं, खोल चोळणं: फिजिओथेरपीतली जुनी पद्धत

इंग्लंडचे डॉक्टर जेम्स सायरॅक्स यांनी विसाव्या शतकात एक खास मालिश रुजवली. तीत स्नायूच्या लांबीच्या दिशेनं चोळत नाहीत. कंडरेच्या धाग्यांना काटकोनात, दुखऱ्या बिंदूवरच, एका बोटानं खोल घासतात. बोट कातडीवरून सरकत नाही, कातडी आणि बोट मिळून खालच्या धाग्यावर हलतात. पहिलं मिनिट-दोन मिनिटं दुखतं, मग जागा बधिर होत जाते, आणि त्यानंतर साधारण दहा मिनिटं चालू ठेवतात. मग कोपराला एक विशिष्ट झटका देतात. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे, असा त्यांचा क्रम.

आता पुराव्याचं बोलू. या पद्धतीवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं पुन्हा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या फक्त दोन निघाल्या, त्यातही कोपराची एक आणि गुडघ्याची एक, सगळे मिळून ५७ रुग्ण. एवढ्यावरून उपयोग होतो की नाही हे ठरवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. ग्रीसमध्ये २००६ साली ७५ रुग्णांवर एक तुलना झाली. एका गटाला सायरॅक्सची पद्धत, दुसऱ्याला देखरेखीखाली व्यायाम, तिसऱ्याला प्रकाशकिरण. दुखणं सगळ्यात जास्त कमी झालं ते व्यायामवाल्यांचं.

म्हणून मी ही मालिश वापरते, पण तिच्यावर विसंबत नाही. महिनाभर नुसती मालिश देणारा, व्यायाम न शिकवणारा उपचार तुमच्या वाट्याला आला असेल तर व्यायाम शिकवा असं स्पष्ट सांगा.

घरी करायची झाली तर अशी करा

खुर्चीत बसा, दुखरा हात टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा. कोपर साधारण काटकोनात, तळहात खाली, बोटं सैल. आधी पाच मिनिटं गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकलंत तर उत्तम. थोडं खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या. तेल कुठलं यानं फारसा फरक पडत नाही, हात सरकण्यापुरतं हवं.

पहिली दोन-तीन मिनिटं मनगटापासून कोपराकडं तळव्यानं हलके, लांब हात फिरवा. मग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कोपराखालचा मांसल भाग धरून कणीक मळतात तसा सावकाश मळा. हाडाच्या उंचवट्यापासून तीन-चार बोटं खाली, स्नायू जिथं भरलेला आहे, तिथं जास्त वेळ द्या. एखादी गाठ लागली, जी दाबल्यावर 'हीच ती' असं वाटतं, तिच्यावर अंगठा ठेवून वीस-तीस सेकंद स्थिर दाब द्या. श्वास रोखावा लागेल इतका जोर नको. दुखणं शून्य ते दहा मोजलं तर दाब चारच्या पुढं जाऊ देऊ नका. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं, दिवसातून एकदा.

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. उंचवट्यावरच, हाडावर, अंगठा रोवून जोरजोरात घासतात, कारण दुखतं तिथंच औषध हवं असं वाटतं. स्नायू ताठ तसाच राहतो आणि कंडरा चिडते. आडवं खोल चोळणं स्वतः करायचंच असेल तर आधी एकदा जाणकाराकडून जागा आणि दिशा शिकून घ्या. त्या वेळी तेल पुसून टाका, नाहीतर बोट घसरतं आणि काम नुसतं कातडीवर होतं. सुरुवात एक-दोन मिनिटांनी करा आणि दोन वेळांत किमान एक दिवस मोकळा सोडा.

दोन जागा सांभाळा. कोपराच्या आतल्या-मागच्या बाजूला, जिथं आपटलं की करंगळीपर्यंत झटका जातो, तिथं मोठा मज्जातंतू कातडीलगत असतो. तिथं दाबू नका. उंचवट्यापासून चार-पाच सेंटिमीटर खाली स्नायूच्या आतून दुसरा मज्जातंतू जातो. मळताना तिथून मुंग्या किंवा हाताच्या मागच्या बाजूला झिणझिण्या गेल्या तर जागा बदला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं असेल तर आदल्या दिवशीचा जोर जास्त झाला, असं समजून अर्ध्यावर आणा.

मालिशीनंतरची वीस मिनिटं

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. मालिशीनं हात हलका झालेला असतो, तेव्हाच व्यायाम करायचा. एरवी कळ येते म्हणून जो व्यायाम टाळला जातो तो या वेळी जमतो.

दुखणं ताजं आणि तीव्र असेल तर हालचाल न करता ताकद लावा. हात टेबलावर, तळहात खाली, दुसरा हात मुठीच्या पाठीवर. दुखरी मूठ वर उचलायचा प्रयत्न करा आणि दुसऱ्या हातानं ती उचलू देऊ नका. तीस ते पंचेचाळीस सेकंद धरा, मिनिटभर सोडा, चार-पाच वेळा. कित्येकांना यानंच दुखणं उतरल्यासारखं वाटतं.

आठवडा-दोन आठवड्यांनी वजन घ्या. अर्धा लिटर पाण्याची बाटली पुरे, तिचं वजन अर्धा किलो होतं. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळहात खाली. दुसऱ्या हाताच्या मदतीनं बाटली वर आणा आणि मदत सोडून चार-पाच मोजत सावकाश खाली न्या. पंधरा वेळा, असे तीन फेरे, मधे मिनिटभर विसावा. खाली नेणं महत्त्वाचं आहे, कारण स्नायू लांब होत असताना भार सांभाळतो तेव्हा कंडरेला तिच्या दिशेनं चांगला ताण मिळतो. एक लिटरच्या बाटलीवर जायला तीन-चार आठवडे लागले तर लागू द्या.

दुसरा एक व्यायाम घरात कुणालाही जमतो. कोरडा टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांत उभा धरा. दुखऱ्या हाताचं मनगट मागं वळलेलं ठेवा, दुसऱ्या हातानं टॉवेलला पीळ द्या, आणि मग दुखऱ्या हातानं तो पीळ हळूहळू सुटू द्या. परदेशात यासाठी रबराचा दांडा मिळतो. टॉवेलवर काम भागतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर येतं, ते चालतं. कंडरेला भार जाणवल्याची ती खूण आहे. रात्री ठणकत राहिलं तर मात्र वजन किंवा फेरे कमी करा. खंड पडू देऊ नका. निदान तीन महिने धरून चाला. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण पहिल्या महिन्यात फरक कमी दिसतो.

"पैलवान तर अंग तुडवून घेतात, त्यांना काही होत नाही"

सांगली जिल्ह्यात हा मुद्दा येणारच. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानसारख्या गावांची ही माती आहे आणि तालमीतली मालिश पिढ्यान् पिढ्यांची विद्या आहे. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ती मेहनतीनं थकलेल्या, निरोगी, भरदार स्नायूंसाठी असते. मांडी, पाठ, खांदा तो दाब सोसतात आणि त्यांना तो मानवतो. कोपराच्या उंचवट्यावर तर कातडी, त्याखाली पातळ कंडरा आणि लगेच हाड. तिथं तालमीचा जोर लावला तर कंडरा हाडावर चेचली जाते. शिवाय पैलवान मालिशीबरोबर जोर-बैठका मारतो, मालिश घेऊन पडून राहत नाही.

शीर चढल्याचं म्हणाल तर आत काही एकमेकांवर चढलेलं नसतं. हाताला जो ताठर दोर लागतो तो आखडलेला स्नायू असतो, म्हणून मळल्यावर तो 'उतरल्यासारखा' वाटतो. जुन्या जाणत्या माणसाचा हात तिथं खरंच गुण देतो. पण कोपराला झटका देऊन 'बसवून' देणारे असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीपुढच्या बाईची हाडं ठिसूळ असतील तर तो झटका महागात पडेल.

"इंजेक्शन घेऊन मोकळं का होऊ नये?"

नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेली चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन गट होते. एकाला स्टिरॉईडचं इंजेक्शन, दुसऱ्याला सहा आठवडे फिजिओथेरपी, ज्यात अल्ट्रासाऊंड (तपासणीचा नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार), खोल मालिश आणि व्यायाम तिन्ही होतं, आणि तिसऱ्याला फक्त सल्ला व वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीवाले ४७ आणि वाट पाहणारे ३२. इथंच थांबलात तर काकांचं म्हणणं खरं. पण वर्षानं पाहिलं तर चित्र फिरलं होतं: इंजेक्शन ६९ टक्के, फिजिओथेरपी ९१, वाट पाहणारे ८३.

ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये १९८ रुग्णांवरच्या चाचणीतही असंच दिसलं, इंजेक्शननंतर बरं वाटलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं पुन्हा उलटलं. कारण सरळ आहे. कळ गेली, कंडरा तशीच राहिली, आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्ण जोरानं कामाला लागला. स्टिरॉईड स्वतःही कंडरेच्या दुरुस्तीला मारक ठरतं. लग्नसराईत किंवा ऐन हंगामात एखादं इंजेक्शन घ्यावं लागलं तर मी कुणाला दोष देणार नाही. पण घेतल्यावर काही आठवडे त्या जागी जोराची मालिश आणि जड काम दोन्ही टाळा. वरचेवर तर घेऊच नका.

त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती लपवणं बरोबर नाही. काहीच उपचार न घेणारे ८३ टक्के लोकही वर्षात सुधारले, फिजिओथेरपीवाल्यांत आणि त्यांच्यात अंतर फार नव्हतं. मग उपचार कशाला? कारण मधले आठ-दहा महिने घर आणि शेत चालवायचं असतं, आणि कंडरा मजबूत न करता नुसतं दुखणं ओसरलं तर पुढच्या छाटणीला ती पुन्हा तुटक्या ताकदीनंच उभी राहते.

हळद, बर्फ, पट्टा

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा अभिमान मलाही आहे, पण कातडीवर लावलेल्या लेपाकडून कंडरेच्या दुरुस्तीची अपेक्षा नको. गरम लेपाची ऊब बरी वाटते, एवढंच. दुखण्यावरचं जेल थोडे दिवस दुखणं कमी करतं. बर्फ काम संपल्यावर, कपड्यात गुंडाळून, दहा मिनिटं. पट्टा उंचवट्यावर बांधू नका, त्याच्या दोन बोटं खाली स्नायूवर बांधा, फक्त कामाच्या वेळी. झोपताना सोडा.

मालिश नको, आधी डॉक्टर

कोपर सुजलेलं, लाल, गरम असेल, ताप असेल, पडून किंवा आपटून दुखणं सुरू झालं असेल, सांधा अडकत असेल, तर हात लावू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर खोल दाबानं आत रक्त साकळतं. दुखणं मानेतून खाली येत असेल, बोटं बधिर होत असतील, मनगट उचलायलाच येत नसेल, तर मूळ मानेत किंवा मज्जातंतूत असू शकतं आणि कोपर चोळून काही होणार नाही. दोन्ही हातांचे बरेच सांधे सकाळी आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करा. नुकतीच सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक घेतली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ती औषधं कंडरा कमकुवत करू शकतात.

काम बंद न करता काम बदलणं

"महिनाभर विश्रांती घ्या" हा सल्ला शेतकऱ्याला देण्यात अर्थ नाही, आणि पूर्ण विश्रांती कंडरेलाही मानवत नाही. त्यापेक्षा भार कमी करा. छाटणीच्या कात्रीला धार नसेल तर प्रत्येक काडीला दुप्पट जोर लागतो, म्हणून रोज सकाळी धार लावा आणि स्प्रिंगला तेल द्या. मूठ बारीक असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करा. जाड मुठीला आवळावं कमी लागतं. मनगट वाकवून छाटू नका, खांदा फिरवून कात्री काडीसमोर आणा. अर्ध्या-पाऊण तासानं पाच मिनिटं कात्री ठेवून काड्या गोळा करा. धार काढताना शक्य असेल तर एका वेळची धार घरातल्या दुसऱ्या माणसाला द्या.

बादली आणि पिशवी तळहात वर ठेवून, कोपर अंगालगत घेऊन उचला. कुकर दोन्ही हातांनी. चादरी पिळू नका, दांडीवर टाकून निथळू द्या, आणि पिळायच्याच झाल्या तर एक टोक दुसऱ्याच्या हातात द्या. घरात हे सांगताना मी सासूबाईंना किंवा नवऱ्याला समोर बसवते, कारण पेशंटनं एकटीनं ऐकून काही बदलत नाही.

पूर्ण जोराच्या कामावर कधी परतायचं याची एक साधी चाचणी आहे. कोपर सरळ, तळहात खाली ठेवून खुर्चीच्या पाठीला धरून ती उचलून पाहा. कळ न येता उचलता आली आणि दुसऱ्या दिवशीही हात शांत राहिला तर काम वाढवा, पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, पुढच्या आठवड्यात पाऊण. बाटलीचा व्यायाम त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, आणि छाटणीच्या दीड-दोन महिने आधी तो पुन्हा रोज करायला लागा.